मूळ गाव मारवाड, टीम महाराष्ट्र



मला क्रिकेट आवडतं, पण लोणच्याइतकं. ताटात असलं तर घेते, नसलं तर आठवण येत नाही. वर्ल्ड कपची फायनल असली की हातातलं काम आवरून बसते, आपण जिंकलो तर टाळ्या वाजवते, हरलो तर दूध तापवायला उठते. आमच्या ह्यांचं तसं नाही. ह्यांची एक टीम आहे आणि ती भारताची नाही. म्हणजे भारत जिंकला तर ह्यांनाही आनंद होतो, पण जीव अडकलाय तो रणजी ट्रॉफी खेळणाऱ्या महाराष्ट्राच्या संघात.

तुमच्यापैकी बऱ्याच जणी विचारतील, म्हणजे मुंबईच ना? नाही. लग्न होऊन आले तेव्हा मलाही तसंच वाटायचं. आपल्या एका राज्याच्या तीन टीम आहेत. मुंबईची वेगळी, विदर्भाची वेगळी, आणि उरलेल्या बहुतेक जिल्ह्यांची मिळून महाराष्ट्र. तिचा कारभार पुण्याहून चालतो आणि आपलं नंदुरबार, धुळे, जळगाव तिच्यात येतं. मुंबईने रणजी ४२ वेळा जिंकली आहे. विदर्भ २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा जिंकला, आता त्यांच्याही तीन झाल्या. आणि महाराष्ट्र? दोनदा. १९३९-४० आणि १९४०-४१. तेव्हा कप्तान होते प्रा. दि. ब. देवधर, पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे, वय पन्नाशीला टेकलेलं. त्यानंतर जमेच्या बाजूला काही नाही. मी बी. कॉम. झालेली बाई, मला अशी खातेवही बघवत नाही. ह्यांचा जन्म १९५७ चा, म्हणजे आयुष्यात एकदाही ह्यांच्या टीमने रणजी उचललेली ह्यांनी पाहिलेली नाही. २००९-१० मध्ये टी-ट्वेंटीची एक ट्रॉफी आली होती, ती हे मोजत नाहीत. म्हणतात, ती किरकोळ विक्री.

हे वेड लागलं १९७१ साली. महाराष्ट्र फायनलला होता, समोर मुंबई. वाडेकर, गावसकर, सरदेसाई सगळे भारताकडून वेस्ट इंडिजला गेलेले. मुंबईची राहिलेली पोरं सुधीर नाईकांच्या हाताखाली खेळत होती. आता नाही तर कधी, असं सगळ्यांना वाटलं. तरी मुंबईच ४८ धावांनी जिंकली. हे तेव्हा शाळेत होते. जिंकणाऱ्याच्या मागे जायचं तर तेव्हाच मुंबईकडे गेले असते. पण हरलेल्याजवळ बसून राहिले, ते आजतागायत.

आमचा धंदा मिरचीचा. ज्या महिन्यांत पथारीवर लाल मिरची पसरलेली असते, नेमके तेच रणजीचे महिने. त्यामुळे गिऱ्हाईक, हमाल, काटा आणि स्कोअर हे सगळं एकदम चालतं. आधी कानाला रेडिओ असायचा, मग पेपरातल्या खेळाच्या पानावरचा मुंगीच्या अक्षरातला धावफलक भिंगातून, आता मोबाइल. घरात मी एकाच कारणासाठी रणजीची बाजू घेते. तो सामना सकाळी सुरू होतो आणि पाच वाजेपर्यंत त्या दिवसाचा खेळ आटोपतो. पाळणाऱ्या घराला असंच क्रिकेट परवडतं. आयपीएल साडेसातला सुरू होते आणि तेव्हाच घरातल्या नातवंडांना भूक लागते. रणजीने आमचा चौविहार कधी मोडला नाही. दोन तासांचं एक सत्र म्हणजे अडीच सामायिकं, हा हिशेब मी ह्यांना अनेकदा ऐकवला आहे. हे हसतात आणि स्कोअर बघतात.

सासूबाईंना क्रिकेटमधलं काही म्हणजे काही कळायचं नाही. बॅट कुणाची, बॉल कुणाचा, तेही नाही. पण १९९३ साली लुधियानाच्या फायनलमध्ये पंजाबने महाराष्ट्राला हरवलं, तेव्हा हे दुकानातून आले ते सरळ ओट्यावर जाऊन बसले. मी काहीतरी समजुतीचं बोलणार, एवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "हरले का रे? बरं. ऊठ, सूर्य खाली चाललाय, जेवून घे." बस. 'खेळच तर आहे' म्हटलं नाही, 'पुढच्या वर्षी जिंकतील' म्हटलं नाही. मुलाला काहीतरी लागलंय आणि दिवस मावळायच्या आत त्याच्या पोटात अन्न गेलं पाहिजे, एवढंच त्यांना दिसलं. मी तेच उचललं.

माझ्यासारखीलाही आठवतो असा एक चौकार आहे. १८ जानेवारी १९९८, ढाक्याला पाकिस्तानविरुद्ध फायनल, ३१५ चा पाठलाग, अंधारून आलेलं, आणि शेवटून दुसऱ्या चेंडूवर हृषीकेश कानिटकरने चौकार मारला. सगळी गल्ली 'भारत, भारत' ओरडत होती. हे ओरडले, "आमचा कानिटकर!" कारण कानिटकर महाराष्ट्राचा, त्याचे वडील हेमंत कानिटकरही महाराष्ट्राचेच.

आता पुढचं ऐका. हाच कानिटकर नंतर राजस्थानकडून खेळायला गेला. तिथे कप्तान झाला आणि २०१०-११ मध्ये राजस्थानने आयुष्यात पहिल्यांदा रणजी जिंकली. पुढच्या वर्षी परत जिंकली. आमचं मूळ गाव मारवाडात. पणजोबा इकडे आले, पण लग्नकार्य, कुलदेवी, नातीगोती अजून तिकडची. त्या जानेवारीत पालीहून फोनांवर फोन. "आपली टीम जिंकली! तुमच्याच माणसाने जिंकून दिली! आता तरी घरी या." चुलत दीर तर म्हणाले, "तीन पिढ्या तिकडे राहून काय मिळालं तुम्हाला? दोन कप, तेही आजोबांच्या वेळचे."

गंमतच होती, पण ह्यांना ती लागली. त्या रात्री मला म्हणाले, "इथे आपल्याला मारवाडी म्हणतात, तिथे गेलं की महाराष्ट्राचे म्हणतात. मी कुठला, हे मी एका ठिकाणी तरी ठरवलं आहे." मैत्रिणींनो, पंचवीसहून जास्त वर्षांच्या संसारात मी ह्या वेडाला नुसता राग समजत होते, राग म्हणजे आपल्या शास्त्रातला, आसक्ती. म.सा. व्याख्यानात राग-द्वेष म्हणाले की मी हळूच पुरुषांच्या बाजूला बघायचे. त्या रात्री कळलं की ह्यात आसक्ती आहेच, पण आधी पत्ता आहे. मला तो प्रश्न कधी पडला नव्हता. बाईचं गाव लग्नात एकदा बदलतं आणि मग ती ज्या घरात पोळ्या लाटते ते तिचं. पुरुषांना कदाचित टीम लागते.

मग आलं २०१४. जानेवारीत महाराष्ट्राने मुंबईला वानखेडेवर जाऊन हरवलं. चौथ्या डावात अडीचशेच्या पुढे धावा हव्या होत्या, त्या दोनच गडी गमावून केल्या. केदार जाधवने त्या हंगामात १२२३ धावा काढल्या होत्या. ह्यांनी पथारीवर पेढे वाटले. हमालांना वाटलं, नातू झाला. इंदूरला बंगालला हरवून टीम फायनलला गेली. हैदराबादला कर्नाटकशी गाठ. पाच दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. २ फेब्रुवारी, रविवार. कर्नाटक सात गडी राखून जिंकलं. हे टीव्ही बंद करून बसून राहिले. सासूबाई तोवर गेल्या होत्या. मी पाच वाजता ताट वाढलं, खिचडी-कढी, आणि म्हटलं, "चला, सूर्य खाली चाललाय." हे उठले. जेवताना म्हणाले, "आई असती तर हेच म्हणाली असती." मी कढी वाढली.

उलट बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही ह्यांना संत समजाल. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या होत्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता आणि समोरच्या कप्तानाने खेळ सोडून टीम नेली. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी मिळाली नाही. भारतीयाने केलेली सर्वांत मोठी खेळी मात्र अजून तीच. ही गोष्ट ह्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितली होती, दुसरं काही सांगायच्या आधी. तर जानेवारी २०२३ मध्ये मुंबईचा पृथ्वी शॉ आसामविरुद्ध धावा करत सुटला. तीनशे, साडेतीनशे. ह्यांनी चहा सोडला, जपाची माळ हातात घेतली. ३७९ वर तो बाद झाला आणि हे "सुटलो!" म्हणून टाळी देऊन मोकळे झाले. मी म्हटलं, परक्याचं पोरगं बाद झालं म्हणून माळ हातात घेऊन आनंद? संवत्सरीला त्याला पत्र लिहून मिच्छामि दुक्कडं म्हणा.

मी मात्र माझी आहे तशीच आहे. २०२५ च्या २ नोव्हेंबरला आपल्या मुलींनी नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकला. पावसाने सामना उशिरा सुरू झाला, मध्यरात्र उलटली तरी मी जागी. हे स्मृती मानधना बाद होईपर्यंत बसले, कारण ती सांगलीची, महाराष्ट्राची. ती ४५ वर गेली आणि हे झोपायला गेले. शेवटचा झेल हरमनप्रीतने धरला, तेव्हा मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या. आतून आवाज आला, "जिंकले का?" म्हटलं, हो. "बरं झालं." आणि घोरणं.

आणि पृथ्वी शॉ? तो २०२५-२६ च्या हंगामात मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळायला आला. पहिल्या सामन्यात पहिल्याच डावात शून्यावर बाद झाला, तेव्हा हे "मुंबईचा माल" म्हणून पुटपुटले. पुढच्या सामन्यात त्याने चंदीगडविरुद्ध २२२ ठोकल्या. मी मिरच्यांची देठं काढत बसले होते. हे पथारीवरून येता येता फाटकातूनच ओरडले, "ऐकलंस का, आमच्या पृथ्वीने दोनशे केल्या!"