या वेळी भाऊ दिसले

फेब्रुवारीत सोनईची रात्र लवकर निजत नाही. उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे चाललेल्या असतात, ट्रॅक्टरवरची गाणी दारापर्यंत येतात आणि पुढे निघून जातात. अशाच एका रात्री मी आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा ‘श्यामची आई’ बघायला बसलो. मोबाइल टीव्हीला जोडला. भांडी आवरून आईही भिंतीला टेकून बसली.

आदल्या आठवड्यात ‘फास्टर फेणे’ झाला होता. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फेणे शाळकरी. 2017 च्या सिनेमात मात्र तो डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी पुण्याला आलेला तरुण. पोरगं खट्टू झालं. पुस्तकातला गडी आपल्यासारखाच शाळेत जाणारा, या भरवशावर तर ते त्याच्यामागे धावत होतं! तेव्हापासून मला धाकधूक लागली होती, की श्याम तरी याला पडद्यावर भेटेल ना?

साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं. आचार्य अत्र्यांचा सिनेमा 1953 चा. उत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक 1954 मध्ये पहिल्यांदा दिलं गेलं, ते यालाच. मी हे कौतुकानं सांगत होतो आणि तो विचारत होता, “पप्पा, रंग कधी येणार?”

रंग आला नाही. पण पोहायचं टाळणारा माधव वझेंचा श्याम आणि त्याच्यामागे शिंपटी घेतलेल्या वनमालाबाई दिसल्या, तसा तो सरसावून बसला. गेल्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीवर, पाठीला रिकामा कॅन बांधलेला, शेवटच्या पायरीला पायाची बोटं घट्ट रोवून हाच तासभर रडला होता. मीही दमदाटी केली होती. आता त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त चादर गुडघ्यांवर ओढून घेतली. श्याम त्याला भेटला होता.

मला मात्र दुसरंच कुणीतरी भेटलं. शाळेच्या पेटीतलं ते पुस्तक मी वाचलं तेव्हा मीच श्याम होतो. आई आठवते, तिचा मार आठवतो, तिचं जाणं आठवतं. श्यामचे वडील, भाऊ, आठवतच नव्हते. एकेकाळचं खाऊनपिऊन सुखी घर, मग चढत गेलेलं कर्ज, वसुलीला दारात येणारी माणसं. घराच्या जप्तीचा ढोल वाजतो ती पानं मी तेव्हा भराभर उलटली असणार. मुलाला शेजारी घेऊन बसल्यावर ती पानं उलटता येत नाहीत. खताच्या पावत्यांखाली ठेवलेलं सोसायटीचं पासबुक मला कपाटाच्या बंद दारातूनही दिसत होतं. उसाचं बिल यायचं होतं, 31 मार्च तोंडावर होता, आणि गेल्या वर्षी नवं-जुनं करून भागवलेलं या वर्षी तसंच भागेल असं नव्हतं. आईच्या मायेवर आपल्याकडे भरभरून बोलतात आणि ते खरंच आहे. पण घरातल्या सगळ्यांसमोर ज्याला मान वर करता येत नाही, त्या बापाकडेही बघा असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

“बहात्तरच्या दुष्काळात तुझे दादा असेच बसायचे,” आई अचानक म्हणाली. “दाराकडं तोंड करून. जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत.”

तिनं हे आजवर कधी सांगितलं नव्हतं. मी आवाज जरा कमी केला, ती आणखी काही बोलेल म्हणून. ती बोलली नाही. पडद्यावर श्यामची आई अंथरुणाला खिळली होती. आईनं पदर तोंडाला लावला.

सिनेमा संपला. मी वायर काढत होतो.

“पप्पा, आपल्यावर पण कर्ज आहे का?”

आईनं माझ्याकडे पाहिलं.

“आहे,” मी म्हणालो. “सोसायटीचं.”

“ढोल वाजवतील?”

“नाही रे. ऊस गेलाय आपला. बिल आलं की भरायचं.”

तो बराच वेळ जागा होता. मग अंधारातच म्हणाला, “या वर्षी कॅन नको. तुम्हीच खाली थांबा, पाण्यात.”