वहीतली जागा

१९७४ साली शाळेत नोकरीला लागले, त्या पहिल्या पगारापासून मी हिशेबाची वही ठेवते. दूध, भाजी, रॉकेल, भिशी. पुढे रॉकेल गेलं, पगार जाऊन पेन्शन आली, पण वही काही सुटली नाही. घरचे हसतात. हसोत बापडे!

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त ब्राझीलमध्ये, साओ पावलोला असतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मी त्यांच्याकडे गेले. विमानाचं तिकीट त्याने परस्पर काढलं, तिथे माझं काही चाललं नाही. पण चार दिवस रिओ दि जानेरो पाहायचं ठरलं, तेव्हा मी बजावून सांगितलं, "रिओचा माझा खर्च मी करणार." आणि वही उघडून बसले.

पहिली नोंद निघण्याआधीच झाली होती, पिवळ्या तापाची लस. ब्राझीलहून परतताना आपल्या विमानतळावर तिचा दाखला मागतात. तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि साठी उलटलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच. म्हणून तपासणीची फीसुद्धा रिओच्या खात्यात घातली.

मग बाकीचे रकाने. तिथलं चलन रेआल. त्या वेळी एक रेआल साधारण सोळा रुपयांचा, म्हणजे सोळाचा पाढा आला की काम झालं! कार्निव्हल आणि नववर्षाच्या दिवसांत हॉटेलांचे भाव गगनाला भिडतात. ऑगस्टमध्ये तिथे हिवाळा असतो, गर्दी कमी आणि पाऊसही कमी. विमानाऐवजी बस धरली, सहा-सात तासांचा रस्ता. पासष्टीपुढच्यांना शहरातली बस नि मेट्रो मोफत, असं त्यांच्या १९८८ च्या राज्यघटनेतच आहे. तरी परदेशी म्हातारीला दारात कोण काय म्हणेल कोण जाणे, म्हणून मी पूर्ण तिकीट धरलं.

जेवणाचा प्रश्न मात्र छान सुटला. तिथे वजनावर जेवण मिळतं. ताट आपण वाढून घ्यायचं, काट्यावर ठेवायचं, भरेल तेवढ्याचे पैसे द्यायचे. माझ्यासारख्या शाकाहारी बाईला भात, भाजी, कोशिंबीर पुरे. काळ्या घेवड्याची उसळ मात्र विचारून घ्यावी, तीत बरेचदा मांस असतं. बिलात दहा टक्के सेवाशुल्क लावलेलं असतं. ते सक्तीचं नसतं, पण सगळे देतात, म्हणून तेही मांडलं.

कोपाकबानाचा समुद्रकिनारा फुकट! १८०८ साली स्थापन झालेली वनस्पती-बाग, तिला तिकीट. दोन मोठे खर्च उरले. एक, शुगरलोफ डोंगरावर जाणारा १९१२ सालचा रोपवे. या डोंगराच्या पोर्तुगीज नावातला पहिला शब्द म्हणजे आपला 'पाव'च, बरं का. दुसरा, कोर्कोवादो डोंगरावरच्या ख्रिस्ताच्या पुतळ्याकडे जाणारी छोटी रेल्वे. दोन्ही मिळून बेरीज माझ्या आकड्याच्या वर गेली. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे जन्मभर मुलांना शिकवलं. मी रेल्वेवर काट मारली. पुतळा काय, खालूनही दिसतोच!

रात्री चिरंजीवांना वही दाखवली. त्याने शांतपणे सगळी पानं पाहिली, त्या काटेवर बोट ठेवलं आणि हसून म्हणाला, "आई, याही वेळी वहीत जागा नाही का?"

मी गप्प झाले.

१९९१ साली तो आठवीत होता. शाळेची सहल निघाली, अजिंठा-वेरूळ. वर्गणी २५० रुपये. त्या वर्षी सासूबाईंच्या दवाखान्याचा खर्च चालू होता. मी वहीत लिहिलं, 'सहल (चि.) - पुढल्या वर्षी.' आणि शिक्षिका म्हणून मुलांना घेऊन त्याच सहलीला गेले. इतरांच्या पोरांना लेण्यांतली चित्रं दाखवत होते आणि माझं पोर घरी आजीला औषध देत होतं. पुढल्या वर्षी त्याने विचारलंच नाही. मीही नाही. दवाखान्याचा पै-पैचा हिशेब वहीत आहे, ही बाकी मात्र कुठेच पुढे ओढलेली नाही.

इतकी वर्षं मला वाटत होतं, तो विसरला असेल.

"तुझे पैसे घ्यायला मला कमीपणा वाटतो असं नाही रे," मी म्हटलं. पुढे काय बोलावं सुचेना. तो म्हणाला, "मग रेल्वे माझी. आणि वहीत लिहायची नाही."

वाद घातला नाही.

१८८४ सालापासून धावणारी ती रेल्वे, पुतळा १९३१ चा, म्हणजे गाडीच वडीलधारी. तिजुकाच्या जंगलातून वीसेक मिनिटांत वर नेते. वाटेत फणसाची झाडं दिसली आणि मी ओरडलेच! पोर्तुगीजांनी हिंदुस्थानातून नेलेला फणस तिथे इतका माजला आहे, की आता तिथल्या मूळ झाडांना त्रास होतो म्हणतात. चिरंजीव खिडकीशी बसून, आठवीतल्या मुलासारखे, एकेक झाड मला दाखवत होते. या वेळी सहलीला मीच नेलेली होते.

घरी आल्यावर सवयीने वही उघडली. रेल्वेची रक्कम लिहिली नाही, कबूल केलं होतं ना! फक्त १९९१ ची ती वही माळ्यावरून काढली आणि 'पुढल्या वर्षी' या शब्दांवर रेघ मारली.