चारही बाजूंना पाणी, तरी आग

डिसेंबरात आठवीच्या मुलांना घेऊन कर्नाळा किल्ल्यावर गेलो होतो. अभयारण्यातून चढताना मुलांची बडबड इतकी, की एकही पक्षी धड दिसला नाही. वर सुळक्याखाली बसून डबे उघडले. हवा स्वच्छ होती, लांबवर मुंबई बंदराचा पट्टा दिसत होता.

मी पडलो मास्तर. बंदर दिसल्यावर गप्प बसवेना. 14 एप्रिल 1944 रोजी तिथल्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग कशी लागली, त्याच्या पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे 1,400 टन स्फोटकं एकत्र कशी भरलेली होती, शेकडो माणसं कशी गेली, हे सांगितलं. गेलेल्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान होते. शाळेत आपण 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतो तो त्यांच्याच आठवणीत, हेही सांगितलं.

एका मुलीने विचारलं, “सर, चारही बाजूंना पाणी असताना बोट जळतेच कशी?”

मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं. खरं उत्तर मला ठाऊक होतं, पण मुलांसमोर सांगायची हिंमत झाली नाही. ते इथे लिहितो.

उरणच्या बाजूला माझ्या मामेभावाची मासेमारीची बोट आहे. ती घेताना त्याला पैसे कमी पडले, तेव्हा मीही थोडे घातले होते. एका रविवारी बोट बघायला गेलो. केबिनमागे बॅटरीपासून निघालेली तार फळीच्या धारेवर घासत होती. आवरण सोललेलं, त्यावर काळी टेप. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा पिळून लावलेला.

मी विचारलं, “हे असं चालतं?”

तो हसून म्हणाला, “मास्तर, दर्यावर सगळं असंच चालतं.”

मी चूप बसलो. म्हटलं, जमिनीवरच्या माणसाने दर्यावरच्या माणसाला काय शिकवायचं!

दोन महिन्यांनी, बोट धक्क्याला बांधलेली असताना, मध्यरात्री त्याच तारेतून आग लागली. बोटीवर कुणी नव्हतं. अल्लाहचा शुक्र, जीव कुणाचा गेला नाही. पण अगदी खेटून एका कोळी नाखव्याची बोट बांधलेली होती. आमची केबिन जळाली आणि त्याची सगळी जाळी जळाली. त्याची काय चूक होती? तो फक्त आमच्या शेजारी होता.

त्यानंतर मी वाचत सुटलो, वायरमनला विचारत सुटलो. बोटींच्या आगींमध्ये विजेची तार हे फार मोठं कारण आहे. इंजिनाच्या थरथरीने तार घासत राहते. खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवट गंज चढतो, जोड सैल होतो आणि तापतो. बॅटरी बारा व्होल्टची म्हणून आपण तिला खेळणं समजतो. पण फ्यूज नसला आणि तारा एकमेकींना चिकटल्या, तर तीच तार शेगडीसारखी लाल होते. परदेशातल्या मरिनांत श्रीमंतांच्या यॉट उभ्या असतात. तिथेही धक्क्यावरून वीज घेणारा झिजलेला प्लग आग लावतो.

दुसरं कारण इंधन. पेट्रोलची वाफ आणि स्वयंपाकाचा गॅस, दोन्ही हवेपेक्षा जड. घरात खिडकी उघडली की वास जातो. बोटीत तो तळाच्या पोकळीत जाऊन बसतो आणि स्टार्टरच्या एका ठिणगीची वाट बघतो. डिझेल इतकं चटकन पेटत नाही, पण गळणाऱ्या नळीतून तापलेल्या एक्झॉस्टवर उडालं तर तेही पेटतं. तेलाच्या आगीवर पाणी ओतावं तर तेल पाण्यावर तरंगत पुढे जातं. चारही बाजूंच्या पाण्याचा उपयोग तो एवढाच.

आणि तिसरं कारण, माणूस. 19 नोव्हेंबर 2023 ची रात्र आठवते? वर्ल्ड कप फायनल हरलो ती. त्याच रात्री विशाखापट्टणमच्या मासेमारी बंदरात 40 च्या आसपास बोटी जळाल्या. बोटीवर खाणंपिणं चाललं होतं आणि सिगारेटचं थोटूक नायलॉनच्या जाळ्यावर पडलं, असं पोलिसांनी तपासानंतर सांगितलं. एकीला एक बांधलेल्या बोटी, प्रत्येकीत डिझेल, गॅसचं सिलिंडर. थोटूक एकाचं, राख 40 घरांच्या रोजीची.

आमच्या घरी मात्र सगळ्यांनी एकच शब्द धरला होता, नसीब. मामू तेवढे गप्प होते. त्यांनी उमेदीची वर्षं जहाजाच्या इंजिनखोलीत काढली. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “जी तार डोळ्यांना दिसत होती, तिला नसीब म्हणू नका. अल्लाहने डोळे दिले होते.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तार पाहिली होती, हे त्यांना मीच सांगितलं होतं.

हदीसमधली जहाजाची मिसाल आपण सगळ्यांनी ऐकली आहे. खालच्या मजल्यावरचे लोक पाण्यासाठी आपल्याच भागात भोक पाडायला निघतात. वरच्यांनी त्यांना अडवलं तर सगळे वाचतात, नाही अडवलं तर सगळे बुडतात. मी ती वर्गात कितीदा सांगितली असेल. सांगताना मी नेहमी भोक पाडणाऱ्यांवर बोलायचो. वर उभे राहून बघत बसलेल्यांवर कधी बोललो नाही.

मामू, मामेभाऊ आणि मी नाखव्याच्या घरी गेलो. जाळ्याचे पैसे तीन हप्त्यांत द्यायचं ठरलं, त्यात माझाही वाटा. नाखव्याने चहा दिला, पण पहिला अर्धा तास तो आमच्याशी बोलला नाही. त्याचा तो हक्कच होता. निघताना त्याने एवढंच विचारलं, “आता फ्यूज बसवला ना?”

बसवला. वायरमनने त्याचे घेतले ते पैसे आमच्या एका वेळच्या डिझेलपेक्षाही कमी होते.

येत्या एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताहात त्या मुलीला पुढे बोलावून तिच्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे. फोर्ट स्टिकिनचं नाही, आमच्या बोटीचं.