अकराची तार

इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे तारांचा जाडपणा इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात आणि बोलताना फक्त पहिल्या तारेचा आकडा सांगतात. ‘नऊ लावतोस की दहा?’ एवढं विचारलं की पुरतं. नऊच्या संचात पहिली तार .००९ इंचाची आणि सहावी .०४२ ची असते. दहाच्या संचात सहावी .०४६ ची, अकराच्या संचात .०४८ किंवा .०४९ ची. नऊ आणि अकरा या दोन तारा शेजारी धरल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही. बोटाला मात्र पहिल्याच मींडेत, म्हणजे तार ओढून स्वर चढवताना, कळतो.

गेल्या पावसाळ्यात मी नऊवरून अकरावर गेलो, तेही काशीत, मंगला गौरीच्या गल्लीत राहणाऱ्या आत्याच्या घरी. पंचगंगा घाटाच्या डोक्यावरची ही वस्ती. इथून दुर्गाघाट आणि ब्रह्माघाटापर्यंत मराठी घरं पिढ्यानपिढ्या आहेत. बिंदुमाधवाचं आजचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं, आणि मंगला गौरीच्या शेजारच्याच बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षं रियाजाला बसत. आत्याकडे श्रावणाचा घोळ दरवर्षी ठरलेला. उत्तरेचा श्रावण पौर्णिमेनंतर लगेच लागतो, आपला अमावास्येनंतर. त्यामुळे देवळापुढे मंगळवारची गर्दी सुरू होते तेव्हा घरातल्या मंगळागौरीला अजून पंधरा दिवस असतात. आत्या दोन्ही धरते.

जाड तारांकडे मी वळलो तो मींडेसाठी. मला पडद्यांच्या गिटारवर, तार बोटानं ओढून, राग वाजवायचा आहे. याच शहरातल्या कमला शंकर स्लाइड गिटार वाजवतात. त्या वाद्यात तारेवरून धातूची कांडी फिरते, तार ओढावी लागत नाही, त्यामुळे तार जाड असली तरी मींडेला अडथळा येत नाही. माझी वाट वेगळी. नऊची तार मऊ. जरा जोरात छेडली की स्वर आधी चढा लागतो आणि मग जागेवर बसतो. पडद्यावर बोट थोडं जास्त दाबलं तरी तो वर सरकतो. द्रुत वाजवताना हे झाकून जातं. दरबारीचा गांधार घेऊन थांबलं की झाकत नाही. तिथं आंदोलन संथ हवं, आणि नऊची तार माझ्या बोटाखाली संथ राहत नव्हती. तिला विरोध असा नव्हताच, आणि विरोधाशिवाय हाताला अंदाज येत नाही असं माझं मत आहे.

तारा बदलणं म्हणजे जुन्या काढून नव्या चढवणं, असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात सगळं वाद्य पुन्हा जुळवावं लागतं. नऊच्या सहा तारा मिळून गिटारच्या मानेवर सुमारे ३८-३९ किलोंचा ताण देतात. अकराच्या सहा तारा देतात ५२-५३ किलोंचा. एवढा भार वाढला की मान पुढे झुकते. मग तिच्या पोटातली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, आवळावी लागते. तीही एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि पुढचा पाव फेरा लाकूड स्थिरावल्यावर. माझ्या गिटारचा ब्रिज मागच्या स्प्रिंगांवर तोललेला आहे. अकराच्या तारा चढल्या तशी त्याची मागची कड उचलली गेली आणि सगळ्या तारा पडद्यांपासून वर गेल्या. पाठीवरचं झाकण काढून चौथी स्प्रिंग लावली तेव्हा तो परत सपाट बसला. नट, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, राहिला होता. त्याच्या खाचा बारीक तारांच्या मापाच्या. खुंटी फिरवताना तिसरी तार खाचेत अडकायची आणि ‘टिक्’ आवाज करून एकदम सुटायची, स्वर हवा त्याच्या वर किंवा खाली. बारीक कानशीनं खाच जराशी रुंद केली, तिच्यात पेन्सिलीचं शिसं घासलं आणि तो टिक् गेला. शेवटी ब्रिजवरचं प्रत्येक तारेचं सॅडल थोडं मागे सरकवलं, कारण जाड तार बाराव्या पडद्यावर चढी बोलते. आत्याच्या माडीवर पावसाळी दमट हवेत हे काम चाललं होतं. संध्याकाळी जुळवलेली मान सकाळी पुन्हा थोडी हललेली असायची.

आत्याचे यजमान, मी त्यांना काका म्हणतो, सतार वाजवतात. त्यांची सतार मिरजेची आहे. मिरजेला शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात सुरू केलेलं हे काम आजही चालू आहे, आणि तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मी नवी तार चढवत होतो तेव्हा काकांनी तिचं उरलेलं टोक दोन बोटांत फिरवून पाहिलं.

“हिला तू जाड म्हणतोस? माझी बाजाची याहून जाड आहे रे.”

“मग तुम्ही पाच-पाच स्वरांची मींड कशी ओढता?”

“जाड असेना. ताणलेली किती आहे ते बघ.”

अकराची तार मिलिमीटरमध्ये ०.२८ होते. सतारीची बाजाची, म्हणजे मुख्य वाजवण्याची, तार साधारण ०.३० असते. म्हणजे काकांचं बरोबर होतं. मग मी वही घेऊन हिशोब मांडला. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं १६३६ च्या ग्रंथात तारेचे नियम दिले, ते आजही तसेच लागू आहेत. लांबी आणि स्वर तोच ठेवला तर ताण जाडीच्या वर्गानं वाढतो. नऊची अकरा केली की जाडी वाढते सुमारे बावीस टक्के, ताण मात्र जवळजवळ दीडपट होतो. गिटारवर नऊची पहिली तार सुमारे सहा किलोंनी ताणलेली असते, अकराची सुमारे नऊ किलोंनी. सतारीची तार मेरूपासून घोडीपर्यंत ८७-८८ सेंटीमीटर लांब, आणि काळी एकचा षड्ज धरून मध्यमात लावली तर गिटारच्या पहिल्या तारेहून जवळजवळ सप्तकभर खाली. तिचा ताण किती आला? सहा किलोंच्या आसपास. गिटारच्या नऊच्या तारेइतकाच.

हे उत्तर पाहून मी बराच वेळ वहीकडे बघत राहिलो. आम्ही गिटारवाले जाड तारेला मर्दानी समजतो, बारीक तारेला शिकाऊ. जाडी एकटी काहीच ठरवत नाही. लांबी, स्वर आणि जाडी या तिघांतून ताण येतो, आणि बोटाशी संबंध येतो तो ताणाचा. त्याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघाली, जी मला कुणी सांगितली नव्हती. एकाच स्वरात लावलेल्या साध्या पोलादी तारा, मग त्या नऊच्या असोत की अकराच्या, एक स्वर चढवायला सारख्याच अंतरानं सरकवाव्या लागतात. बदलतो तो लागणारा जोर. म्हणून जाड तारेवर गेलेल्याचा अंदाज चुकत नाही, हात दमतो. आणि तारा उतरवून लावल्या की दोन्ही कमी होतं, जोर कमी लागतो आणि सरकवावंही कमी लागतं. मींडेला हेच सोयीचं.

सतारीच्या दुनियेत हा वाद जुनाच आहे. काशीतच १९२० मध्ये जन्मलेल्या रविशंकरांनी खर्जाच्या जाड तारा जपल्या आणि आलापात त्या खोल सप्तकात उतरत राहिले. विलायत खाँसाहेबांनी त्या तारा काढून गांधार-पंचमाची मांडणी केली, कारण त्यांना गळ्यासारखी मींड हवी होती. दोघांच्या सतारी ऐकताना कोण श्रेष्ठ हा प्रश्न मला पडत नाही. कुणाला काय गायचं होतं ते तारांवरून कळतं.

गिटारमध्येही तेच. १९६२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात अर्नी बॉल यांनी हलक्या तारांचे ‘स्लिंकी’ संच विकायला काढले, कारण शिकणाऱ्यांची बोटं जाड, गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेवर अडत होती. स्टीव्ही रे वॉन तेराच्या तारा लावायचा. त्या तो अर्धा स्वर उतरवून लावायचा, हे मात्र त्याचं अनुकरण करणारे विसरतात. बिली गिबन्सच्या गिटारवरच्या जाड तारा पाहून बी. बी. किंग यांनी इतके कष्ट का घेतोस असं विचारलं, ही हकिकत गिबन्स स्वतः सांगतात. ते आता सातच्या तारा लावतात आणि त्यांचा आवाज भरदारच आहे. टोनी आयोमी यांची तर कथाच वेगळी. १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्यांच्या दोन बोटांची टोकं गेली. जाड तार दाबणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी बँजोच्या बारीक तारा गिटारवर चढवल्या, पुढे दीड स्वर उतरवल्या, आणि त्यातून रॉकमधला सर्वांत जड नाद निघाला. जाड तार म्हणजेच जड नाद असं सांगणाऱ्यानं त्यांचा बँड ब्लॅक सॅबथ एकदा नीट ऐकावा.

तरी मी अकरावर राहिलो, आणि त्याचं कारण मला आत्याच्या माडीवरच कळलं. एका दुपारी वीज गेली. अॅम्प्लिफायर बंद, पंखा बंद. तशीच गिटार मांडीवर घेऊन वाजवू लागलो. विजेशिवाय इलेक्ट्रिक गिटारचा आवाज जेमतेम हातभर जातो. पण त्या हातभरात नऊच्या तारेचा किणकिणाट नव्हता. छेडल्यावर स्वर एकदम लागायचा, चढून खाली येत नव्हता, आणि मान माझ्या छातीशी थरथरत होती. रिषभावरून गांधार ओढला. बोटाला तार मागे खेचत होती, आणि त्या खेचण्यातच गांधार कुठं आहे ते समजत होतं. काका खालून वर आले, दाराशी उभे राहिले, आणि “आता पुन्हा घे, सावकाश” एवढंच म्हणाले.

पण अकरा मूळ स्वरात ठेवून हे जमलं नसतं. मनगट दुखू लागलं होतं. अर्धा स्वर उतरवल्यावर पहिल्या तारेचा ताण नऊवरून आठ किलोंच्या आत आला आणि दुखणं थांबलं.

तुम्ही जाड तारा लावायच्या विचारात असाल तर एकदम दोन पायऱ्या चढू नका. आधी दहा लावा, महिना-दोन महिने वाजवा. मान, ब्रिज, नट तिन्ही जुळवून घ्या किंवा जाणत्याकडून जुळवून घ्या, नाहीतर दोष तारेचा नसताना तारेला लागेल. अर्धा स्वर उतरवून पाहायला अजिबात संकोचू नका. आणि मनगट किंवा कोपर दुखलं तर त्याच दिवशी थांबा, कारण स्नायुबंध एकदा सुजला की बरा व्हायला महिने जातात. हलक्या तारांवर तुमचं गाणं नीट उमटत असेल तर बदलूच नका. माझ्या गिटारवर अकरा आहेत, अर्धा स्वर उतरवलेल्या, आणि मींड वाजवायची आहे तोवर त्याच राहतील.