पुन्हा जुंपलेले घोडे

निवृत्त झाल्यापासून मला मिडलटनचे घोडे फार जवळचे वाटू लागले आहेत. इंग्लंडमधल्या या गावच्या खाणीतला कोळसा लीड्स शहरात नेण्यासाठी १७५८ मध्ये संसदेने खास कायदा करून रूळमार्ग मंजूर केला. लाकडी रुळांवरून कोळशाच्या वाघिणी ओढत ते घोडेच. पुढे नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे घोडे महागले, दाणावैरण महागली आणि १८१२ मध्ये तिथे वाफेची इंजिने आली. घोडा थकला नव्हता; त्याचे खाणे परवडेना! पण गंमत पाहा, १८३५ च्या सुमारास इंजिने थांबली आणि घोडे पुन्हा जुंपले गेले, ते थेट १८६६ पर्यंत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा खर्च मोजताना एवढे आठवले तरी पुरे.