आंबा घाटाखालचा हट्टी नट

कोल्हापूर ते रत्नागिरी हा रस्ता सुमारे १३० किलोमीटरांचा. पण एवढ्या वाटेत माती, हवा आणि पीक सारेच बदलत जाते. बांबवड्यापर्यंत उसाची सोबत. मलकापूर मागे पडले की भाताची खाचरे आणि लाल माती. आंबा गाव ओलांडले की घाट लागतो आणि वळणे घेत गाडी साखरप्याला, काजळी नदीच्या खोऱ्यात उतरते. पुढे नाणीज, पाली, हातखंबा करीत रत्नागिरीचा समुद्र.

घाटावरची मंडळी या वाटेने गणपतीपुळ्याला जातात. कोकणची मंडळी हापूसच्या पेट्या घेऊन वर येतात. पूर्वी हा प्रवास बहुधा एसटीने व्हायचा. आता वाडीवस्तीवरही मोटार दिसते आणि तिला चकचकीत अलॉयची चाके. दिसायला सुरेख, गंजून लाल न होणारी. पण कोकणची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस त्यांनाही सोडत नाही. घाटाच्या पायथ्याशी पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानात घटकाभर बसले की ते कळते.

अशाच एका दुकानात चहा घेत असताना वारणाकाठचे एक कुटुंब आले. मुलगा रत्नागिरीस नोकरीला. गाडी वर्षभर समुद्राजवळ उभी. आजीला गावी पोहोचवायचे होते, आभाळ भरून आले होते, आणि पुढचे चाक बसलेले. चारपैकी तीन नट सुटले. चौथा हलेना. मुलगा पान्यावर उभा राहून उड्या मारू लागला.

"थांबा, थांबा. पायाने नका," दुकानदार म्हणाले.

"मामा, हाताने सुटतच नाही हो!"

"सुटेल. पण स्टड तुटला तर आजीबाईंचा मुक्काम इथेच पडेल."

त्यांचे म्हणणे हिशेबाचे होते. लहान मोटारीचा नट साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटर जोराने आवळायचा असतो. नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला ३५ किलोचा भार दिला की १०० च्या आसपास जोर होतो. तोच पाना पाइप घालून मीटरभर लांब केला आणि ६० किलोचा माणूस त्यावर उभा राहिला, तर जोर जातो ५९० च्या घरात, म्हणजे जवळजवळ पाच ते सहापट. मग नट सुटण्याऐवजी स्टड तुटतो, नाहीतर नटाचे कोपरे घासून तो गोल होतो.

नट अडतो का? एक कारण म्हणजे हवेच्या गनने घाईत भरमसाट आवळलेला नट. दुसरे कारण गंज. अलॉय म्हणजे मुख्यतः ॲल्युमिनियम. नट, स्टड आणि हब पोलाद-लोखंडाचे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारे पाणी शिरले की ॲल्युमिनियम झिजू लागते. त्याची पांढरी भुकटी सांध्यात दाटते आणि चाक हबला धरून ठेवते.

दुकानदारांनी जॅक खाली घेतला. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच नट सैल करायचा, म्हणजे चाक फिरत नाही आणि गाडी जॅकवरून घसरत नाही. हँडब्रेक ओढला, दुसऱ्या चाकांना दगड लावले. नटाच्या बुडाशी गंज सोडवणारे तेल सोडले, पण ब्रेकच्या थाळीवर थेंब पडू दिला नाही. वीस मिनिटे तसेच ठेवले. मग सहा कोपऱ्यांची गोटी नटावर पूर्ण बसवून तिच्या डोक्यावर हलके ठोके दिले. लांब दांड्याने आधी किंचित आवळले, मग उलट दिशेने एकसारखा दाब दिला. कर्रर्र आवाज झाला आणि नट फिरला. गॅसची ज्योत त्यांनी जवळही आणली नाही. तापवल्याने अलॉयची ताकद जाते आणि टायर फुटण्याची भीती असते.

नट निघाले तरी चाक हबला चिकटलेलेच. तेव्हा चारही नट दोन-तीन आटे परत चढवले, मग टायरच्या कडेवर, रिमवर नव्हे, लाकडी ठोकळा धरून आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ठोकले. अलॉयवर लोखंडी घण घातला तर तडा जातो. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणी शिरायचे नाही, हे त्यांनी मुलाला दोनदा बजावले.

चाक निघाल्यावर तारेच्या ब्रशने हब घासला आणि चाक टेकते त्या मधल्या कडेला ग्रीसचा अगदी पातळ हात दिला. बैलगाडीच्या आखाला वंगण घालणारे आपण, नटालाही घालावेसे वाटते. पण आख फिरण्यासाठी असतो, नट न फिरण्यासाठी. म्हणून स्टडचे आटे त्यांनी पुसून कोरडे केले. नट समोरासमोरचे धरून आवळले आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला सांगितले. पहिली सर आली तेव्हा आजीबाई घाट चढू लागल्या होत्या.

मृगाआधी आपण तिफण बघतो, नांगराचा फाळ बघतो. त्याच दिवसांत अंगणात गाडीचे प्रत्येक चाक एकदा काढून, घासून, मोजक्या जोराने परत बसवावे. गाडीतला पाना आपल्या नटाला नीट बसतो का, तेही पाहावे. नट अडायचाच असेल तर तो दारात अडलेला बरा. घाटात, रात्री, पावसात, लेकरेबाळे गाडीत असताना नको.