हातावरचा वाघ आणि हातातली पानं

चांगली पानं आली तरच पैसे लावायचे, नाहीतर पानं टाकून गप्प बसायचं. पोकर शिकताना ज्याने त्याने मला हेच बजावलं होतं, आणि माझा स्वभावही तसाच. पुण्यात लोकांचे जीएसटी रिटर्न भरणारा, रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरूनही हुज्जत न घालणारा माणूस मी. फक्त उजव्या हातावर मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत वाघ, कवटी आणि नाग आहेत. कॉलेजातली हौस. ऑफिसात फुल शर्टाखाली कुणाला पत्ता लागत नाही. पणजीला, मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर मात्र मी टी-शर्ट घालून गेलो.

खेळ टेक्सस होल्डेम. प्रत्येकाला दोन झाकली पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडी. पैसे लावायच्या चार फेऱ्या. सगळ्यांनी माघार घेतली तर पानं न दाखवताच पॉट आपला. म्हणजे पानांइतकंच महत्त्व समोरच्याला काय वाटतं याला.

गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, त्यामुळे टेबलावर सगळे बाहेरगावचेच. हुडी घातलेला, कानात हेडफोन खुपसलेला बंगळुरूचा पोरगा, सुरतचे एक शेठ, हैदराबादच्या एक बाई आणि माझ्या डावीकडे कोल्हापूरचे एक काका. पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन, कपाळावर गंध. मी बसलो तसं त्यांनी हाताकडे एकदा बघून घेतलं. “काय पैलवान, कुठलं गाव?” पुणे म्हटल्यावर नुसतेच हसले.

थोड्या वेळाने मला दोन राजे आले. ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीने टाकायचे पैसे, 100-200चे. मी 800 केले. हुडीवाला तेवढा आला, बाकीचे गळाले. मध्ये नव्वी, पंजी, दुर्री. मी 1,200 लावले, तो आला. चौथी सत्ती. 3,000 लावले, तरी आला. शेवटची राणी. घसा कोरडा पडला होता, तरी 5,000 पुढे सरकवले. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. वाघाकडे पाहिलं आणि लगेच चिप्स टाकल्या. त्याच्याकडे एक्का आणि नव्वी, म्हणजे नुसती नव्वीची जोडी. “भाई, लगा तू ब्लफ कर रहा है.”

तोवर मी तासभर निमूटपणे पानं टाकत होतो. अशा माणसाने तीनदा पैसे वाढवले तर त्याच्याकडे काहीतरी असणार, हे पोरालाही कळत असणार. मग तो आला कशाला? गोंधळात भर पडली ती पुढच्या एका डावात. बदामाचा रंग जुळता जुळता राहिला, हातात काहीच नव्हतं, आणि मी बरीच मोठी थाप मारली. सुरतच्या शेठजींनी अठ्ठीच्या जोडीवर मला धरलं. हसत, जराही विचार न करता.

चहाला उठलो तेव्हा काकांनीच विषय काढला. “तुझा हात बघून लोकांनी ठरवलंय की गडी दांडगट आहे, उगाच पैसे फेकतोय. मग तुझ्याकडं खरं पान असलं तरी कुणी मानणार नाही आणि थाप मारलीस तरी मानणार नाही. खऱ्याला पैसे मिळतील, थापेला काय मिळायचं नाही. मग थापा कशाला मारतोस?”

“आणि तुमचं, काका?”

“माझं उलटं. गंध लावलेला म्हातारा थाप मारंल असं कुणाच्या मनात तरी येतंय का?” त्या संध्याकाळी त्यांनी किती पॉट पानं न दाखवता ओढले होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

हैदराबादच्या बाईंचा अनुभव आणखी वेगळा. त्यांच्यासमोर माघार घेताना पुरुष आपली पानं दाखवत, वर कसं खेळायला हवं होतं तेही सांगत. बाई मान डोलावून ऐकून घ्यायच्या. फुकटात मिळणारी माहिती कोण नाकारेल!

दुसऱ्या दिवशी मी मनगटापर्यंत बटणं लावून, चष्मा घालून वेगळ्या टेबलावर बसलो. माणूस तोच, खेळ तोच. थापा बिनबोभाट पचायला लागल्या. पण दोन एक्के आले आणि मी पैसे वाढवले, तर सगळं टेबल एका दमात गळालं. 221 डावांत सरासरी एकदा मिळणारी ती जोडी, आणि पदरात पडले 300 रुपयांचे ब्लाइंड.

घरी आल्यावर वाचायला घेतलं, तर हे सगळं जुनंच निघालं. 2000 साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकणारा ख्रिस फर्ग्युसन लांब केस, दाढी आणि हॅटमुळे ‘जीझस’ म्हणून ओळखला जायचा. प्रत्यक्षात तो संगणकशास्त्रातला डॉक्टरेट, गणिताने खेळणारा. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना सोप्या पोकरमध्ये वेगवेगळ्या चेहऱ्यांच्या विरुद्ध खेळवलं होतं. समोर विश्वासू वाटणारा चेहरा आला की ते नको तिथे माघार घ्यायचे. कोल्हापूरच्या काकांना हे संशोधन वाचायची गरज नव्हती.

पण मला खरा चकवा दिला तो मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांच्या 2013 सालच्या अभ्यासाने. त्यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या आणि पानं किती चांगली असतील याचा अंदाज करायला सांगितलं. नुसता चेहरा बघणाऱ्यांचे अंदाज नशिबावर सोडण्यापेक्षाही वाईट ठरले. चिप्स पुढे सरकवणारे नुसते हात बघणाऱ्यांचे त्याहून बरे. भारी पानं असणाऱ्याचा हात सफाईने जातो. म्हणजे हुडीवाला बघत होता ती जागा बरोबर होती, माझा हात. फक्त त्याने त्यावरचं चित्र वाचलं, हाताची चाल नाही.

पुढच्या खेपेला काका पुन्हा भेटले. आता मी बाह्या दुमडूनच बसतो, थापा मारत नाही, वाघ माझ्या वतीने मारतो त्या पुरे. राण्यांची जोडी आली, पैसे वाढवले. तिघे आले, काका आपली पानं बघून थबकले, माझ्या चिप्सकडे पाहिलं आणि पानं टाकून दिली.

“काका, तुम्ही कसे काय गळालात?”

“चिप्स एकदम सरळ ठेवल्यास की.”

हल्ली रात्री जेवणाच्या टेबलावर मी चिप्स सरकवायचा सराव करतो. चांगली पानं, वाईट पानं, हात एकाच वेगाने गेला पाहिजे. अजून जमत नाही.